शर्यतीच्या दिवशीचं जेवण

१८ मार्च

तिजानी,

फोनवर तू मला ब्लॉक करून टाकलंस. घरच्या ग्रुपमधूनही निघून गेलास आणि जाता जाता सगळ्यांच्या देखत मला 'सिमेंटची बाई' म्हणालास. शोभलं हो तुला. सख्ख्या थोरल्या बहिणीला असं म्हणायला मार्सेयला जाऊन शिकलास वाटतं. माझ्या इब्तिहालने ते वाचलं आणि धावत येऊन विचारलं, मामा असं का बोलला म्हणून. मी म्हटलं, तिकडे थंडी फार, माणसाचं डोकं गारठतं. आता फोन बंद, म्हणून हा कागद. फाडायचा तर फाड, पण त्याआधी पाकिटावरचं माझं अक्षर तुला दिसणारच.

तर तो ग्रुपवरचा शर्यतीचा फोटो. हो, मीच आहे ती. पिवळा सदरा घातलेली, आणि छातीवर सिमेंट कारखान्याचं नाव. सदरा मला दोन मापं मोठा आहे, ते तुला दिसलं असेलच. शेजारी माझी नात, इब्तिहालची नूहा, गळ्यात पदक घालून दात काढते आहे. तू तिचे दात नाही बघितलेस, माझी छाती बघितलीस.

ही शर्यत कारखान्यासाठी नव्हती, बाबा. सरकारी दवाखान्यातल्या मुलांच्या छातीच्या वॉर्डसाठी होती. त्याच वॉर्डात नर्स म्हणून माझा जन्म गेला. वाफ द्यायचं एकच यंत्र, आणि पोरं आयांच्या मांडीवर घरघरत पाळीची वाट बघत बसायची. मागल्या वर्षी आम्ही महिला मंडळाच्या बायकांनी आमच्या बळावर शर्यत काढली होती. पळायला कोण आलं, तर आम्ही, आमच्या बहिणी आणि एक कुत्रा. कुत्रा पहिला आला. जमलेल्या पैशात यंत्राची वायरसुद्धा आली नसती. यंदा कारखाना सोबत आला आणि अख्खं गाव रस्त्यावर उतरलं. सदरे त्यांचे, तंबू त्यांचा, भोंगे त्यांचे, जेवणसुद्धा त्यांचं. वॉर्डात आता नवीन यंत्रं आहेत. तू सांग, मी नको म्हणायला हवं होतं का?

कारखान्याकडून लोकांशी बोलायला एक साहेब असतो, नौफल; मानाने सगळे सी नौफल म्हणतात. मोक्नीन गावचा पोरगा आहे, आपल्यातलाच. त्या दिवशी पाण्याचे खोके त्याने स्वतः खांद्यावरून वाहिले. नूहाला शेवटच्या चढावर धाप लागली तेव्हा तो तिचा हात धरून इतका हळू चालला की दोघं सगळ्यांत शेवटी आली, आणि भोंग्यावर तिचं नाव असं पुकारलं जणू तीच पहिली. मी रडले. लिहून ठेव, मी रडले.

मला ठाऊक आहे तू त्या कारखान्यापायी काय सोसलंस. कारखाना यायचा होता तेव्हा नगरपालिकेच्या हॉलमध्ये तू एकटा उठून बोललास, धुरळ्याने ऑलिव्हची झाडं आणि मुलांच्या छात्या जातील म्हणालास. लोकांनी तुला वेड्यात काढलं आणि तू गाव सोडलंस. तेव्हाही मी तुझ्या बाजूने सगळ्यांशी भांडले होते. आजही भांडेन. पण मला शिव्या घालायच्या असतील तर निदान फोनवर घाल, म्हणजे मला उत्तर देता येईल.

मुंजिया

९ एप्रिल

तिजानी,

पोस्टकार्ड मिळालं. पुढे बंदराचं चित्र, मागे एक ओळ. 'जूनमध्ये तू काय बोलणार आहेस?' एवढंच. तब्येतीची चौकशी नाही, नूहा कशी आहे नाही. तार करतात तसं.

म्हणजे तुला जूनचं कळलं. मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं, हे खरं. सांगणारच होते. आता ऐक. कारखान्याला दुसरी चिमणी उभी करायची आहे, पहिलीपेक्षाही उंच. जूनमध्ये नगरपालिकेच्या हॉलमध्ये राजधानीची समिती येऊन गावाचं म्हणणं ऐकणार आहे. ज्याला बोलायचं त्याने बोलावं. सी नौफलने मला अदबीने विचारलंय की लल्ला, तुम्ही वॉर्डाच्या वतीने शर्यतीबद्दल दोन शब्द बोलाल का. चिमणीबद्दल काही बोलू नका म्हणाला, फक्त शर्यतीबद्दल. मी हो म्हटलंय. झालं समाधान?

आता एक गोष्ट सांगते, ती तुझ्यासाठी नाही, माझ्याच डोक्यात फिरते आहे म्हणून. तुला आमची शेजारीण दलांदा आठवते ना, खाटकाची बायको? वाळत घातलेल्या चादरी ती रोज सकाळी झटकायची आणि झटकताना कारखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. गल्ली तिच्या शिव्यांनी जागी व्हायची. शर्यतीपासून ती चादरी मुकाट्याने झटकते. परवा मीच विचारलं, काय गं, आवाज बसला का? तर म्हणते, "जाऊ दे गं, माणसं वाईट नाहीत ती." समोरच्या माडीवरची म्हातारी हलीमा मात्र पाय दुखतात म्हणून शर्यतीला आली नव्हती. ती अजून पूर्वीसारखीच कडाकडा बोटं मोडते. मग मी गल्लीभर बघत सुटले. जे पळाले ते मवाळ झालेत. जे खिडकीतून बघत होते ते होते तसेच आहेत. धुरळा तर दोघांच्याही घरात सारखाच येतो.

आणि मी? मी दुसऱ्यांची उणीदुणी काढायला बसले, मग माझंच बोलणं मला ऐकू आलं. पूर्वी ओट्यावर राखाडी थर बसला की आपण काय म्हणायचो? 'आला कारखाना.' काल मी फडकं घेतलं आणि म्हणाले, 'आज वारा फार आहे.' इब्तिहालने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

पण तूच सांग, तिजानी, मी उलट कशी बोलू? एका मोठ्या थाळीभोवती बसून आम्ही सगळे जेवलो. सी नौफलने मांसाचे चांगले तुकडे शोधून माझ्यासमोर सरकवले. ज्याच्याशी पाणी आणि मीठ वाटून घेतलं त्याच्या पाठीमागे बोलायचं नाही, हे आपल्याला आईने भरवता भरवता शिकवलं. तिकडे प्रत्येकजण आपापल्या बशीत खातो म्हणे, त्यामुळे तुला विसर पडला असेल. मला नाही पडत. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं.

मुंजिया

२० मे

तिजानी,

नूहाला शाळेत दम्याचा झटका आला. आता बरी आहे, पहिल्यांदा तेच लिहिते.

दोन दिवस वाळवंटाकडचा तापलेला शहीली वारा सुटला होता. तोंडात रेतीबरोबर सिमेंटची चव येत होती. वर्गात फळ्यापाशी उभी असतानाच तिचे ओठ निळे पडले. बाईंनी तिला उचलून दवाखान्यात आणलं. मी पोहोचले तेव्हा ती यंत्रापाशी बसली होती, तोंडावर मास्क. मास्कवर मुलांना आवडावं म्हणून हसरा उंट काढलाय, आणि उंटाखाली कारखान्याचं चिन्ह. यंत्रावर, पडद्यावर, भिंतीवर, जिकडे बघावं तिकडे तेच चिन्ह. जुनी मुख्य नर्स मला म्हणाली की बाई, देवाने कारखान्याचं भलं करावं, हे यंत्र नसतं तर आज काही खरं नव्हतं. मीही म्हणाले, आमीन.

खरंच म्हणाले रे. तोंडातून आपोआप निघालं. आणि मग नूहाने मास्क बाजूला केला आणि कौतुकाने मला सांगितलं, "मीमा, हे आपल्या शर्यतीचं यंत्र आहे. मी पळाले म्हणून आलं." मी म्हटलं, हो माझे आई, तूच आणलंस. तिला मास्क परत लावला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. जो तिचा श्वास कोंडतो त्यालाच मी आत्ता दुवा देऊन आले होते, आणि दुवा खोटी नव्हती. ते जास्त वाईट. खोटी असती तर तोंड धुऊन मोकळी झाले असते.

संध्याकाळी सी नौफल आला, जर्दाळूंची पेटी घेऊन. नूहाने त्याला ओळखलं आणि पलंगावर उड्या मारायला लागली. तो घाबरला होता, मी बघितलं, खरोखर घाबरला होता. त्यालाही लेक आहे. त्याने मला जूनची आठवण नाही करून दिली. करून दिली असती तर बरं झालं असतं, मला चिडता आलं असतं. जर्दाळू गोड होते. सगळ्या वॉर्डाने खाल्ले.

इब्तिहाल माझ्याशी धड बोलत नाही. काल भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "उम्मी, तू जूनमध्ये त्यांचे आभार मान. पण नूहाला सोबत नेऊ नकोस." मी बोलले तर मीठ खाऊन उलटले. नाही बोलले तर नूहाच्या छातीवर दुसरी चिमणी. देवा, मी कधी असल्या कात्रीत सापडेन असं वाटलं नव्हतं.

मुंजिया

३ जून

तिजानी,

बसला आहेस ना? बस.

आज दलांदा आली ती तणतणत. मंडळाच्या एका बाईच्या मुलाचं लग्न आहे, रव्याचं कुसकुस वाफवायला दलांदाला आपलं मोठं भांडं हवंय आणि ते शर्यतीच्या दिवसापासून कारखान्याच्या पाहुणेघरात अडकलंय. पहारेकरी तिला आत सोडत नाही. मी कांदे चिरत होते. मी सहज म्हटलं, जेवण त्यांचं, भांडं त्यांच्याकडे राहिलं, त्यात नवल काय.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जेवण त्यांचं? रवा माझा. कोकरू माझ्या नवऱ्याने कापलं. हरभरे तू भिजवलेस, भोपळा हलीमाच्या सुनेने पाठवला. त्यांचं काय होतं गं, तंबू?"

तिजानी, मी सुरी खाली ठेवली. शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्याजणी माझ्याच अंगणात बसून रवा चोळत होतो, घामाने भिजून गेलो होतो. गावची शर्यत आहे, लोकांना उपाशी कसं पाठवायचं, म्हणून प्रत्येकीने घरातून आणलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं त्यांच्या तंबूखाली नेऊन मांडलं. तंबूवर फलक होता, 'कारखान्यातर्फे सप्रेम'. भोंग्यावरून तसंच पुकारलं. तसंच सगळे म्हणाले, तसंच मी तुला लिहिलं. माझे स्वतःचे हरभरे मी खाल्ले आणि त्यांची मिंधी झाले. याला म्हणतात आयजीच्या जीवावर बायजी उदार. आणि आयजी इतकी भोळी की बायजीचेच पाय धरायला निघाली.

मी दलांदाला विचारलं, मीठ कुणी घातलं होतं? तिला अजून माझ्या डोक्यात काय चाललंय ते कळलं नव्हतं. म्हणाली, "तूच घातलंस, आणि खारट केलंस. सगळ्यांनी खालमानेने खाल्लं." मग मी तिला सांगितलं. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. हसता हसता गप्प झाली. म्हणाली की मी सकाळी शिव्या देणं बंद केलं होतं ते त्या जेवणाला स्मरून. नवऱ्यालाही दटावलं होतं, खाल्ल्या घरचे वासे मोजू नकोस म्हणून.

यंत्रं त्यांनी दिली, त्याचे आभार मी मानणार. ते कर्ज मी नाकबूल करत नाही. पण मीठ आमचं होतं. आणि ते खाल्लं त्यांनी.

मुंजिया

१७ जून

तिजानी,

झाली बैठक. हॉल खच्चून भरला होता. राजधानीचे तीन साहेब, कारखान्याची माणसं पुढच्या ओळीत, सी नौफल टाय लावून. मला बोलावलं तेव्हा मी आधी यंत्रांचे आभार मानले, मनापासून मानले. पुढच्या ओळीत माना डोलल्या. मग मी सी नौफलला विचारलं, त्या दिवशीचं कुसकुस कसं झालं होतं. तो बिचारा उठून उभा राहिला. म्हणाला, लल्ला, फार चांगलं होतं.

मी म्हटलं, "ते आमच्या घरातलं होतं. रवा, मांस, मीठ, सगळं. तुम्ही आमचं मीठ खाल्लंय. खाणाऱ्यावर काय येतं ते तुमच्या आईने मोक्नीनमध्ये शिकवलंच असेल. आधी जुन्या चिमणीला गाळणी बसवा. आमच्या पोरी श्वास घेऊ देत. मग नव्या चिमणीची गोष्ट काढा."

आधी लोक हसले. मग कुणी हसेना. मागून एक बाई ओरडली की यंत्रं परत देणार का मग? मी म्हटलं, नाही देणार, ती मुलांची आहेत. कुणीतरी मला कृतघ्न म्हणालं. ते मला लागलं, खोटं कशाला सांगू. त्या हॉलमधल्या अर्ध्या लोकांना लहानपणी मी वॉर्डात वाफ दिली आहे. पण दलांदा उठली, हलीमाची सून उठली, वॉर्डाचा तरुण डॉक्टर उठला आणि मग धुरळ्याबद्दल एकेकजण बोलत गेला. सगळे नाही. पिवळ्या सदऱ्यातले पुष्कळजण जमिनीकडे बघत बसले. मला त्यांचा राग आला नाही. दोन आठवड्यांपूर्वी मीही तिथेच बसले असते.

समितीने धुरळा मोजायला माणसं पाठवायचं ठरवलंय, निर्णय त्यानंतर. चिमणी होईल की नाही मला ठाऊक नाही. पुढच्या शर्यतीला पाठबळ देण्याचा 'फेरविचार' करू, असं कारखान्याने कळवलंय. त्याचा अर्थ मला कळतो.

आता खरी गोष्ट. आज दुपारी सी नौफल घरी आला. एकटाच. मी त्याला आत बसवलं, कॉफी केली, संत्र्याच्या फुलांचं पाणी घातलं त्यात, त्याला आवडतं तसं. त्याचं म्हणणं असं की समितीला मी एक पत्र लिहावं, की माझे शब्द भावनेच्या भरात गेले. त्याची नोकरी त्यावर अडलेली आहे. शर्यत ही त्याची कल्पना होती आणि ती उलटली असं वरचे म्हणतायत. बोलताना त्याचा आवाज बसला होता.

मी विचारलं, सी नौफल, तुम्ही जेवला होतात ना आमच्यात?

तो म्हणाला, "मी जेवलो, लल्ला. ते मी मरेपर्यंत नाकारणार नाही. पण कंपनी जेवली नाही. कंपनीला तोंड नसतं."

मी कॉफीचा प्याला त्याच्याकडे जरा सरकवला. मीठ खाऊन बांधले जातो ते आपण, मी आणि तो. ज्यांच्यासाठी आम्ही एकमेकांसमोर बसलो होतो ते कुठल्या थाळीला हात लावत नाहीत, म्हणून ते कुणाचे मिंधे नसतात. सदरा घालतो तो आपल्यातला, पाणी वाहतो तो आपल्यातला, पोरीचा हात धरतो तो आपल्यातला. आपल्याला जीव लागतो तो त्या माणसाचा, आणि नाव मात्र कंपनीचं होतं.

शेवटी मी म्हटलं, पत्र मी लिहू शकत नाही, बेटा. त्याने मान हलवली. तो आला होता मागणं घेऊन, आणि मागणं मान्य झाल्याशिवाय कॉफीला हात लावायचा नाही, ही रीत तो विसरला नव्हता. प्याला जसाच्या तसा ठेवून तो उठला, माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि गेला. त्याची नोकरी गेली तर ती मी घालवली, हे मला माहीत आहे. तो मला अजून आवडतो. तुझ्या एका ओळीच्या पोस्टकार्डात हे बसत नाही, तिजानी. तू बरोबर होतास, पण तुला कुणी जर्दाळू आणून दिले नव्हते.

नूहाला सुट्टी लागली. या उन्हाळ्यात बोटीत बस आणि ये. माझ्या दारात आलास की आधी आत शिरू नकोस. तुला मला जे जे म्हणायचं असेल, सिमेंटची बाई म्हण, आणखी काय असेल ते म्हण, उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं बोलून घे. मलाही पुष्कळ बोलायचंय. गल्लीने ऐकलं तरी चालेल. एकदा आत येऊन माझं जेवलास की मग तुला बोलता यायचं नाही, म्हणून आधी भांडून घेऊ.

मुंजिया